आठ नंबर वाढवली

१

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी गुप्तेसाहेब माझ्या गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले. मी कुणाची तरी ज्वारी घालत होते. साहेबांच्या हातात काहीही नव्हतं, पण हात मात्र ताट धरल्यासारखे पुढे होते.

“कुंदाबाई, गिरणी बंद करा.”

“साहेब, आज सोमवार. आपला वार शुक्रवार.”

“आठ नंबर गेली,” ते म्हणाले, आणि इस्त्रीच्या काळ्या पँटनिशी पिठाच्या डब्यावर बसले. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही. मी खटका पाडला.

हे चौऱ्याण्णव सालचं. अंबरनाथला मोरिवली गावात, कारखान्यांच्या कुंपणाला लागून साहेबांची पत्र्याची शेड होती आणि मागे त्यांचं घर. शेडच्या मधोमध भिंत. अलीकडे माझी गिरणी, पलीकडे साहेबांचा मेनफ्रेम. कॉम्प्युटर म्हटलं की आता लोकांना टेबलावरचा टीव्ही दिसतो. हा तसा नव्हता. माणूसभर उंचीची पाच लोखंडी कपाटं, वर दिव्यांच्या रांगा, पोटात पंखे. साहेबांच्या कारखान्यात तो आला तेव्हा त्याला वातानुकूलित खोली मिळाली होती आणि साहेबांना टेबलफॅन. सोळा वर्षं त्यानं कारखान्याची सगळी पत्रकं छापली, मग कारखान्यानं त्याला भंगारात काढलं. साहेबांनी त्याला उल्हासनगरच्या भंगारबाजारातून उचलून घरी आणलं. कोणी तिकिटं जमवतं, कोणी पोपट पाळतं. साहेबांनी हे पाळलं.

आता पोपटाला पेरू पुरतो, याला थ्री फेज लागते. घरगुती माणसाला थ्री फेज कोण देणार? पिठाची गिरणी असेल तर मिळते. म्हणून साहेबांनी आधी गिरणी टाकली आणि मग ती चालवायला बाई शोधली. तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी जळक्या मोटरी उघडून स्वतःच वाइंडिंग शिकत होते. थोडक्यात, लोकांच्या गिरण्या पोटासाठी असतात. माझी एका यंत्राच्या सोयीसाठी जन्माला आली. खटका वर केला की गिरणी, खाली केला की मेनफ्रेम. दोन्ही एकदम नाही.

मेनफ्रेमचा दिवस शुक्रवार, कारण कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. कारखाने बंद असले की व्होल्टेज देवघरातल्या समईसारखं स्थिर राहतं. एरवी ते असं नाचतं की त्या जुन्या यंत्राला झटकेच यावेत. म्हणून माझ्या दारावर पाटी, ‘शुक्रवारी दळण मिळणार नाही’. गावातल्या बायका समजत, कुंदाबाई संतोषीमातेचे शुक्रवार करते. मी त्यांचा गैरसमज मोडला नाही. फुकटचं पुण्य कोण सोडतं?

“आठ नंबर म्हणजे मेमरीची पाटी?” मी विचारलं.

साहेबांनी मान हलवली.

यंत्राची सगळी आठवण आठ पाट्यांत असायची. पाटी म्हणजे तळहाताएवढी चौकट. तिच्यात केसासारख्या तारा उभ्या-आडव्या, आणि जिथे तारा एकमेकींना भेटतात तिथे मोहरीहून बारीक काळा मणी. एका पाटीत चार हजार मणी, परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात बायकांनी भिंगाखाली हातानं ओवलेले. “वीज गेली तरी या मण्यांना सगळं आठवतं,” हे साहेबांचं आवडतं वाक्य. “आमच्या घरात आठवणारं तेवढं एकच,” असं त्यावर त्यांच्या पत्नी उमावहिनी म्हणायच्या.

आठांतली एक जरी नसली तरी यंत्र उठत नाही. आणि येत्या शुक्रवारी मुंबईच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची माणसं ते बघायला येणार होती. चालताना दिसलं तर नेऊन कायमचं जपणार होती. नाहीतर दिवाळीनंतर साहेब मुलीकडे पुण्याला, शेड रिकामी आणि कपाटं पुन्हा भंगारात.

“चोर आला असता तर तांब्याच्या जाड केबली नेल्या असत्या,” मी म्हटलं. “एवढीशी पाटी कोण नेईल?”

“ज्याला तिची किंमत कळते तो.” साहेबांनी काखेतली वही पुढे केली. यंत्राची वही. जो यंत्राला हात लावेल त्यानं काय केलं ते लिहायचं आणि सही करायची, हा साहेबांचा कारखान्यापासूनचा नियम. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं दोनच ओळी होत्या.

‘आठ नंबर वाढवली.
उ.’

“उ म्हणजे उबाळे,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पिठासारखा कोरडा झाला होता. “माझ्या भीमरावनं चोरी केली, कुंदाबाई.”

२

भीमराव उबाळे हे त्या यंत्राचे डॉक्टर. कारखान्यात साहेब अधिकारी आणि भीमराव तंत्रज्ञ. एकतीस वर्षांची सोबत. दर शुक्रवारी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून सायकलनं यायचे. साहेब दिव्यांपुढे बसायचे, भीमराव कपाटामागे. एक बोट हलवलं की दुसऱ्याला कळायचं. शेडच्या चाव्या दोनच, एक साहेबांची आणि एक भीमरावांची.

“वाढवली म्हणजे?” मी विचारलं.

“मेमरी वाढवली. तो वर्षभर मागे लागला होता, साहेब, त्या भंगारवाल्या टेकचंदकडे दुसऱ्या यंत्राच्या मोठ्या पाट्या आल्यात, एक बदलून बघू, मेमरी वाढवू. मी म्हटलं, जसं आहे तसंच ठेवायचं. आता मला न विचारता माझी पाटी तिकडे देऊन मोठी आणणार असेल.”

“तुम्ही आठ नंबर शेवटची कधी पाहिलीत?”

“खंडेनवमीला. गुरुवारी. दर वर्षी कपाटांना हळदकुंकू लावतो, आणि मेमरीची म्हणून आठ नंबर बाहेर काढून पाटावर ठेवतो. तिला फक्त फूल. आरती केली आणि कारखान्याच्या पूजेला गेलो. यायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी दसरा. आज उघडतो तर जागा रिकामी.”

“गुरुवारी तुमची चावी कुठे होती?”

“घरी. खिळ्याला.”

खिळ्याला कोणाचाही हात पोचतो, एवढं मी मनात ठेवलं.

गुरुवारचं मलाही आठवत होतं. साहेब गेल्यावर दुपारी उमावहिनी माझ्याकडे आल्या होत्या. जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी तार आहे का म्हणाल्या, ओवायला हवी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं तोरण; मी रीळच दिलं. दोनच्या सुमाराला भीमराव आले, खांद्याला कापडी पिशवी. संध्याकाळच्या गाडीनं ते आणि त्यांच्या पत्नी द्रौपदीवहिनी नागपूरला निघाले होते, दीक्षाभूमीवर. पाच मिनिटं शेडमध्ये गेले आणि मला हात करून निघाले. शुक्रवारी सकाळी उमावहिनीही बदलापूरला गेल्या, थोरल्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली.

“ताई, घ्या नागपूरचा खाऊ!” भीमराव हसत आत आले. तीच पिशवी. “साहेब, तुम्हीपण इथेच? बरं झालं. शुक्रवारची तयारी...”

“उबाळे,” साहेब म्हणाले. एकतीस वर्षं ‘भीमराव’ म्हणणारे साहेब. “गुरुवारी या पिशवीत काय होतं?”

भीमरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं. कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या पिशव्यांची झडती व्हायची, अधिकाऱ्यांच्या नाही. साहेब रोज भीमरावांच्या बरोबरीनं गेटबाहेर पडायचे, का, तर वॉचमननं त्यांना थांबवू नये. हे मला स्वतः भीमरावांनीच कधीतरी अभिमानानं सांगितलं होतं.

त्यांनी पिशवी उलटी केली. टॉवेल, डबा, एक पुस्तक आणि अर्धा डझन संत्री. संत्री घरंगळत भिंतीच्या फटीतून पार मेनफ्रेमच्या बाजूला गेली.

“पाटी कुठे आहे?” साहेबांनी वही दाखवली.

भीमरावांनी ती वाचली. “ही माझी सही नाही.”

“उ म्हणजे कोण मग?”

“मला माहीत नाही. गुरुवारी मी माझा टेस्टर खुंटीला लावला. पाट रिकामा होता. मला वाटलं, साहेबांनी पाटी आत बसवली. यंत्राला हात लावला नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.”

“चावी ठेवा.”

भीमरावांनी कमरेची चावी सोडली आणि माझ्या गिरणीच्या तोंडाशी, ज्वारीच्या दाण्यांवर ठेवली. संत्री न उचलता निघून गेले.

यंत्र तर भीमरावांशिवाय उठणार नव्हतंच. पण मला त्याहून दुसरीच काळजी लागली. तो माणूस असा चोर म्हणून गेला, तर यंत्र कॉलेजात पोचून तरी काय उपयोग?

“साहेब,” मी म्हटलं, “ती वही शुक्रवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या.”

३

मंगळवारी पहिली भेटली पद्मजा, साहेबांची मुलगी. दसऱ्याला पुण्याहून आली होती. तिकडे ती नव्या कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती ओट्याशी उभी राहून, आई नसल्यामुळे, जळका उपमा ढवळत होती.

“कुंदामावशी, माझ्यावर संशय घ्यायला आलीस ना?”

“आले खरी.”

“घे बाई. ते यंत्र मला नकोच आहे. माझ्या टेबलावरच्या डबड्यात त्याच्या हजारपट मेमरी आहे. पण मी शुक्रवारी दुपारी आले. आणि बाबांना रडवून न्यायचं असतं तर केव्हाच नेलं असतं.” तिनं वही पाहिली. “मेमरी वाढवली. अपग्रेड. काका बरेच दिवस म्हणत होतेच की.”

“हे अक्षर भीमरावांचं वाटतं?”

“पेन्सिल, उभ्याउभ्यानं लिहिलेलं. चार शब्दांत काय कळतं? मला तर आजकाल सगळी अक्षरं छापीलच दिसतात.”

दुपारी मी उल्हासनगरला टेकचंदसेठच्या गोदामात गेले. सेठ सिंधी, वयानं साहेबांएवढे. भंगाराच्या डोंगरावर खुर्ची टाकून बसायचे, जुन्या पट्ट्यांच्या पिनांवरचं सोनं काढायचे. मला वाइंडिंगच्या तारा त्यांच्याकडूनच मिळायच्या.

“आओ आओ, चक्कीवाली! क्या चाहिए?”

“आठ नंबर,” मी म्हटलं.

“वो क्या चप्पल है?” सेठ खोऽ खोऽ हसले. मग मी सांगितलं तसे गंभीर झाले. “देखो साईं, गुप्ता साब की चीज मेरे पास आती, तो मैं तोडता नहीं. पागल आदमी है, लेकिन अपना पागल है. भंगारमधून कोणी परत घर लेके जाता है काय? मेरी पूरी जिंदगी में एकच आदमी.”

“भीमराव आले होते का इथे?”

सेठनी कानातला अत्तराचा बोळा काढून पुन्हा घातला.

“तेरे को झूठ नहीं बोलूंगा. आया था. दसरे के पहले. मेमरी का एक पट्टा लेके गया, कागद में लपेट के. मैंने पूछा, क्या करेगा? तो बोला...” सेठनी आवाज खाली आणला. “बोला, बढ़ाना है.”

४

चार नंबर कॅम्पात भीमरावांचं घर टेकडीच्या चढावर, दोन खोल्यांचं. द्रौपदीवहिनींनी मला पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी आपली बसले.

“तुम्हीपण झडतीला आलात का ताई?” त्या म्हणाल्या. “घ्या, डबे उघडते.”

“द्रौपदे,” आतून भीमराव म्हणाले, “ताईंना नको बोलूस.”

“का नको? सोमवारपासून माणूस जेवला नाही. एकतीस वर्षं! आमच्या लेकीच्या लग्नात साहेब पंगतीत वाढत होते. आणि आता पिशवी उघड?”

मी सरळच विचारलं. “भीमराव, टेकचंदकडून पाटी आणलीत?”

ते उठले. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवरून एक पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आत पाटी होती. तिच्या कोपऱ्यावर तिसराच नंबर होता, आणि चौकटही साहेबांच्या पाट्यांहून मोठी.

“मापून बघितलं, ही आपल्या यंत्रात बसतच नाही,” ते म्हणाले. “कॉलेजच्या पोरांनी नुसती यंत्राकडे लांबून बघू नये. एक तरी पाटी हातात घ्यावी, मणी बघावेत. आपल्या यंत्राच्या सामानात एक नग वाढवावा म्हटलं. शुक्रवारी साहेबांना देणार होतो.”

“मग सोमवारी सांगितलं का नाहीत?”

“ताई, पिशवी उघडायला लावल्यावर कुणी भेट देतं का?”

 मी वही काढली आणि त्यांना पुन्हा एकदा पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग पान उजेडात तिरकं धरलं.

“हे कुंकू लागलंय का?”

सहीच्या ‘उ’वर लालसर बोटाचा ठसा होता. साहेबांनी वहीचीही पूजा केली असणार, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

“पूजेत लागलं असेल,” मी म्हटलं.

“पूजा सकाळी. मग लिहिणं नंतरचं असतं तर पेन्सिल कुंकवावरून गेली असती. हे बघा, कुंकू पेन्सिलीच्या वर आहे. लिहिता लिहिता बोट टेकलंय.” तंत्रज्ञ माणूस, स्वतःवरचा आरोप क्षणभर विसरून गेला होता. “ज्यानं लिहिलं, त्याचं बोट कुंकवानं भरलेलं होतं.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भीमराव बावीस प्रतिज्ञा पाळणारे. दर खंडेनवमीला आरती होईपर्यंत शेडच्या बाहेर उभे राहायचे, मग आत येऊन पेढा खायचे. साहेबांनीही कधी आग्रह केला नाही. त्यांच्या बोटाला कुंकू लागणार कुठून?

म्हणजे भीमराव सुटले. पण साहेबांना नुसतं ‘हा नव्हे’ सांगून भागणार नव्हतं. ‘मग कोण’ हेही सांगावं लागणार होतं. आणि दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

५

बुधवारी सकाळी दळणाला ही गर्दी. माझं लक्ष नव्हतं, एकीच्या गव्हात दुसरीचे हरभरे जाता जाता राहिले. मोरिवलीची जनी डबा माझ्याकडे सरकवताना तिचा हात लोखंडी कडेवर आपटला. खळ्‌कन आवाज झाला.

“गो बाय!” जनीनं मनगट धरलं. “बांगडी वाढवली माझी! दिवाली तोंडावर आली नि...”

“लागलं का गं?”

“नाय लागली. वाढवली नुस्ती. उद्या जाऊन भरंन.”

मी हिरव्या काचांचे तुकडे गोळा करायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले.

जनीची बांगडी फुटली होती. पण जनी काय, मी काय, आमच्या आया काय, बांगडी ‘फुटली’ असं कधी म्हणालो नाही. मंगळसूत्र ‘तुटलं’ असं म्हणालो नाही. बांगडी वाढवते. मंगळसूत्र वाढवतं. देवापुढचा नारळसुद्धा वाढवायचा. जे मोडलेलं तोंडानं उच्चारायचं नाही, त्याला वाढवलं म्हणायचं.

आणि आम्ही तीन दिवस ते वाक्य कॉम्प्युटरच्या भाषेत वाचत होतो.

काळे मणी, तारेत ओवलेले. पूजेच्या पाटावर ठेवलेले, वर फूल. सणाचा दिवस. अशा वस्तूला ‘तुटली’ असं कुठल्या बाईच्या हातून लिहिलं जाईल?

खिळ्याला टांगलेली चावी. कुंकवाचं बोट. माझ्याकडून नेलेलं तारेचं रीळ. त्या मला काय म्हणाल्या होत्या? ‘तोरणाला हवी’ असं नव्हत्याच म्हणाल्या. ‘ओवायला हवी’ म्हणाल्या होत्या. तोरणाचा अर्थ माझा मी लावून घेतला होता.

आणि उ.

मी खटका पाडला. “आज दळण बंद,” मी बायकांना म्हटलं.

“बुधवारचं कुठलं गं व्रत?” कुणीतरी विचारलं.

मी पिठाच्याच हातानं साहेबांचं दार वाजवलं. “साहेब, चप्पल घाला. बदलापूरला जायचंय.”

“बदलापूरला? कशाला?”

“एक विचारते. तुमच्या घरात ‘उ’ किती?”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. यंत्रातले बत्तीस हजार मणी तोंडपाठ असलेला माणूस. पण घरातलं दुसरं ‘उ’ त्यांच्या आठवणीत यायला पुरतं एक मिनिट लागलं.

“उमा वहीत लिहीत नाही,” ते शेवटी म्हणाले. “तिचं अक्षर...” आणि थांबले.

“कसं आहे वहिनींचं अक्षर?”

साहेब चप्पल घालायला वाकले.

६

उमावहिनींच्या बहिणीचं घर बदलापूर गावात. ओसरीवर उन्हात दोघी बसलेल्या. एक उमावहिनी. दुसरी रखमा पटवेकरीण, बाजारात मंगळसूत्रं ओवून देणारी, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेली. दोघींच्या मधे पाट. पाटावर आठ नंबर.

साहेब पायरीवरच थांबले.

“आलात?” वहिनींनी वर न बघताच म्हटलं. “हळू या. वारा लागतो. चौसष्टातले साठ झालेत.”

“उमा, ही तू...”

“फूल उचलायला गेले, बांगडीची कड तारेत अडकली. एक आडवी तार गेली.” आता त्यांनी वर पाहिलं. “मी वहीत लिहिलं होतं. हात लावला तर लिहायचं, तुमचाच नियम. रात्री तुम्ही घरी आलात, काही बोलला नाहीत. मला वाटलं, वाचलंत आणि राग गिळलात. सकाळी निघतानाही बोलला नाहीत. म्हटलं, आता नीट करूनच घरी जावं.”

“मी वाचलंच नव्हतं. सोमवारी वाचलं. आणि मला वाटलं...” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. काही वाक्यं माणसानं स्वतःच पुरी करावीत. “मला वाटलं, मेमरी वाढवली. भीमरावनं. मी त्याची पिशवी उघडायला लावली, उमा.”

वहिनींचं तार दाखवणारं बोट थांबलं.

“भाऊजींची? झडती?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “अहो, एवढं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं मी.”

“मला ते कळलं नाही.”

“आणि अक्षर? माझं अक्षरही नाही कळलं?”

साहेब पायरीवर बसले. “तू लिहिलेलं मी कधी वाचलंय, उमा?”

 रखमाबाईंनी भिंग वर केलं. “साहेब, तार कुठून कशी जायची ते या बाईंना तोंडपाठ हाय,” त्या साहेबांना म्हणाल्या. “मी नुस्ती ओवते. ह्या सांगतात, आता खालून, आता वरून. कुठं शिकल्या इचारलं तर म्हन्तात, रविवारी घरात भाषण असतंय.”

इतकी वर्षं साहेब दर रविवारी जेवताना पाटीचं वर्णन करायचे, आणि समजायचे की कोणी ऐकत नाही.

“उरलेले चार मला ओवू देशील?” त्यांनी विचारलं.

“हे रखमाबाईंचं काम. नुसतं बसा.” वहिनी पुन्हा पाटीवर वाकल्या. “आणि हे झालं की आधी कॅम्पात जा. ही तार टोकांना जोडायला भाऊजीच लागणार आहेत. पण त्यासाठी नका जाऊ. नुसतेच जा.”

संध्याकाळी मी साहेबांबरोबर टेकडी चढले. त्यांच्या खांद्याला त्यांची चामड्याची पिशवी होती. दार उघडंच होतं. भीमराव समोर बसलेले, द्रौपदीवहिनी चुलीशी. साहेब उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आणि सगळ्या आळीदेखत त्यांनी आपली पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, रुमाल, शेडची चावी. सगळं भीमरावांच्या दारात पडलं.

“भीमराव, झडती घ्या,” साहेब म्हणाले. “चूक माझी होती. एकतीस वर्षांत गेटवर माझी कोणी घेतली नाही. तुम्ही घ्या.”

भीमराव उठून दाराशी आले. खाली वाकले, सगळं एकेक करून उचललं आणि साहेबांच्या पिशवीत परत भरलं. चावी तेवढी हातात ठेवली.

“आत या आधी,” ते म्हणाले. “दारात झडती वॉचमन घेतो.”

द्रौपदीवहिनी लगेच विरघळल्या नाहीत. चहा दिला, पण साहेबांना बिनसाखरेचा. दुसऱ्या कपात मात्र साखर होती.

७

शुक्रवारी कारखान्यांचे भोंगे गप्प होते आणि व्होल्टेज समईसारखं. तारेची टोकं भीमरावांनी गुरुवारी जोडून दिली होती. कॉलेजची चार माणसं भिंतीला टेकून उभी. पद्मजा कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढलेली, आणि तोंडानं म्हणत होती की तिला यात काहीही रस नाही. मी खटक्यापाशी.

“कुंदाताई, खाली!” कपाटामागून भीमराव ओरडले.

मी खटका खाली केला. आधी पंखे घुमले, मग दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेले. साहेबांनी एक बोट हलवलं, कपाटामागून “हो” आलं. आणि छापायचं यंत्र खडखडायला लागलं. दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे.

“इतके दिवस वीज नसताना याला आठवलं कसं?” कॉलेजच्या एका मुलीनं विचारलं.

साहेबांनी आपलं आवडतं वाक्य बोलायला तोंड उघडलं. मग उमावहिनींकडे बघितलं. “या सांगतील,” ते म्हणाले.

वहिनींनी सांगितलं. टेकचंदची ती पाटी मुलीच्या हातात देऊन, तार खालून कुठे जाते आणि वरून कुठे येते ते बोटानं दाखवत. कपाटामागून भीमराव चुकलेला एक आकडा दुरुस्त करत होते.

यंत्र डिसेंबरात कॉलेजात गेलं. गिरणी मात्र साहेबांनी माझ्या नावावर करून दिली. शुक्रवारी मी अजूनही बंद ठेवते, गावाचा विश्वास का मोडा? कपाटं हलवताना सर्वांत मागच्याच्या खाली एक संत्रं सापडलं, सुकून लाकडासारखं झालेलं. भीमरावांनी ते उचलून साहेबांना दिलं. “तुमचं राहिलं होतं,” ते म्हणाले.

वही यंत्राबरोबरच गेली. जायच्या आधी मी शेवटचं पान पाहिलं होतं. ‘आठ नंबर वाढवली’च्या खाली, त्याच हातानं पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘आठ नंबर ओवली. उ.’ त्याखाली साहेबांचं शाईतलं, सहीसकट, ‘वाचलं. चिं.’

आणि सगळ्यांत खाली, ‘तार जोडली. भीमराव उबाळे.’ पूर्ण नाव. शेजारी कंसात, ‘उ वहिनींना दिला आहे.’